डाव्या चपलेचा थर

कार्तिक पौर्णिमेचा दुसरा दिवस, सकाळची वेळ. हिमायतनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात तोवर एक लाख ऐंशी हजार भरून झाले होते. आयसीयूत हजर होतो मी, वहिनी आणि सिस्टर. आधीच सांगतो, हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी उठून जायचो...

माझे थोरले बंधू, दादा, न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते. नळी निघाली, पण भ्रम सुरू झाला. सिस्टर रोज बजावायच्या, "इनको खड़ा करो, चलाओ. पड़े रहे तो कफ भरेगा, ट्यूब वापस." घरचा चष्मा, घरच्या चपला आणा म्हणाल्या, ओळखीच्या वस्तूंनी माणूस लवकर भानावर येतो.

चष्मा आत गेला. चपलांना वहिनींनी अडवलं. "भावोजी, आजारी माणसाच्या खाटेजवळ चपला? काहीतरीच!" म्हणून चपला बाहेरच्या रॅकवर राहिल्या. त्या सकाळी सिस्टर रागावल्या, तेव्हा मी घाईत पिशवीत भरून आत नेल्या.

"अंकल, बोलो, ये कौन सी जगह है?"

दादा पिशवीकडे बघत होते. "त्या माझ्या नाहीत. डावी जाड आहे."

पिशवीला गाठ होती अजून.

"दादा, तुमच्याच आहेत."

"अरे, तो उभा आहे ना इथे! म्हणतो, डावा पाय आखूड आहे, चपलेशिवाय घरी कसा जाऊ? तो सरकल्याशिवाय मी पाय कुठे ठेवू?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. सिस्टर शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, "यहाँ कोई नहीं अंकल. मैं हूँ, आपके भाई हैं." दादा पाय खाली टेकवेनात. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा उतरत होता.

मी गाठ सोडली. तोच तपकिरी रंग, तेच माप. उलटून पाहिलं... डाव्या तळाला रबराचा जास्तीचा थर शिवलेला.

फरशी पुसायला आत आलेली आया म्हणाली, "ये तो इसी बेड वाले साब के. गुजर गए बिचारे. घरवाले भूल गए." दादांना तिथे आणण्यापूर्वीची गोष्ट.

मी त्या बाहेर ठेवल्या, खालच्या फळीवरून दादांच्या आणल्या. दादा आमच्या मागे कुठेतरी बघून म्हणाले, "जा बाबा." मग वॉकर धरून दारापर्यंत चालले.

सिस्टरनी फोन केल्यावर त्या गृहस्थांचा मुलगा चपला न्यायला आला. मी त्याला वडिलांच्या डाव्या पायाचं विचारलं. "हौ, नान्ना का बायाँ पैर छोटा था. आपको कैसे मालूम?" मी चपला त्याच्या हातात दिल्या.

सिस्टर म्हणाल्या, कुणाचं बोलणं दादांच्या कानावर पडलं असेल. असेलही. पण नल्लकुंट्याला घरी आल्यापासून दादा डाव्या पायाने लंगडू लागले. डॉक्टरांनी दोन्ही पाय टेपने मोजले — सारखे. व्यायाम झाले, एक्स-रे झाला, काही नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. मला अजून उलगडलेलं नाही.

शेवटी मीच दादांच्या डाव्या चपलेला एक थर लावून आणला. तेव्हापासून ते सरळ चालतात. काचीगुडा स्टेशनबाहेरच्या मोचीला साठ रुपये दिले.