जे आधी करून ठेवता येतं

कामतघरच्या आमच्या चाळीत शुक्रवारी वीज नसायची. कापड विणायचे लूम बंद, पिठाची गिरणी बंद. म्हणून विजेवर अडणारी सगळी कामं मी गुरुवारीच उरकून ठेवत असे.

नव्वदनंतरची गोष्ट. मुलगी कॉलेज संपवून कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. निजामपुऱ्यातल्या एका सुताच्या व्यापाऱ्याने तिला महिनाभर कामावर ठेवून बघायचं कबूल केलं होतं. गिऱ्हाइकाने कापड सांगितलं की त्याला कोणत्या नंबरचं, म्हणजे किती जाड-बारीक, सूत किती लागेल, ते कॉम्प्युटरने सांगावं, अशी त्याची इच्छा. जमलं तर काम कायम, नाही तर महिन्यानंतर घरी.

त्याच महिन्यात दिघाशीहून तिला स्थळ आलं. घर माझ्या नवऱ्याच्या माहितीतलं, मुलगा सरळ. फक्त लग्नानंतर तिने नोकरी करू नये, आणि आम्ही शुक्रवारी शब्द द्यावा, असं त्यांचं म्हणणं. हे लूमवर जॉबर होते, बिघडलेली मशीनं दुरुस्त करायचे. पोरीचं एकदा ठरलं की आपण सुटलो, असं यांना वाटे. मला काय वाटतं ते कोणी विचारलं नव्हतं, आणि आपणहून सांगण्याचा माझा स्वभाव नव्हता.

मुलीचं काम मात्र अडलं होतं. व्यापाऱ्याकडचा कॉम्प्युटर जुना. तिचा प्रोग्रॅम सुरू केला की तो आधी सुताच्या एकेका नंबराचं कोष्टक मांडत बसे. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकाचा चहा संपे, तरी पडद्यावर काही नसे. शेवटी व्यापारी म्हणाला, "बेटी, इससे जल्दी तो मेरा मुनीम बता देता है." घरी आम्हाला हे सांगताना ती हसली, पण त्या दिवशी तिने ताटातलं तसंच ठेवलं.

गुरुवारी मी गहू निवडत होते. ती क्लासवरून आली ती माझ्याजवळच बसली आणि गव्हातले खडे वेचता वेचता सांगू लागली. आपण लिहिलेलं कॉम्प्युटरला तसंच कळत नाही. आधी ते त्याच्या भाषेत उतरवून घ्यावं लागतं, त्याला कंपाइल करणं म्हणतात. ते काम क्लासमधल्या मशीनवर एकदाच होतं. सुताच्या नंबरांचा हिशेब तर रोज तोच असतो. मग तो गिऱ्हाइकाला बसवून कशाला करायचा? तिने तो उतरवतानाच करून घेतला. आता दुकानात सगळं तयारच उघडेल.

"म्हणजे उत्तरं तू हाताने लिहिलीस?" मी विचारलं.

"नाही गं, हाताने लिहिली तर चुकतील. मी आकडेमोडच लिहायची, उत्तर तो काढून ठेवतो. तू गुरुवारी दळून आणतेस, तसंच."

एका नंबराच्या जागी तिच्याकडून शून्य पडलं होतं. शून्याने भागायची वेळ आली तशी मशीनने तिथेच काम थांबवलं आणि चुकलेली ओळ दाखवली. पहिल्यासारखं असतं तर ते दुकानात, लोकांसमोर बंद पडलं असतं. 

मी म्हटलं, मग सगळंच आधी का करून घेत नाहीस?

तिचा हात थांबला. "सगळं नाही होत, आई. कापडाचा पन्हा किती, मीटर किती, ते गिऱ्हाईक आल्यावरच कळतं. जे आज माहीत नाही, त्याचं उत्तर आज काढता येत नाही. काढलं तर ते खोटं."

ती प्रोग्रॅमबद्दलच बोलत होती. मी डबा घेऊन गिरणीवर गेले. रांगेत उभी असताना ते वाक्य माझ्या मनातून हलेना.

व्यापारी नवा प्रोग्रॅम शनिवारी बघणार होता. शुक्रवारी सकाळीच हे दिघाशीला निघाले. "शब्द देऊन येतो. एकदा ठरलं म्हंजे डोक्याला ताप न्हाय."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे धरला होता. मी म्हणाले, "अहो, आज नका देऊ शब्द."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दारातून दुसरंच कोणी बोललं. "का? स्थळात खोट हाय का?"

"खोट नाही. उद्या तिच्या कामाचं काय होतं ते आज आपल्याला माहीत नाही. माहीत नाही ते आज ठरवायचं नाही."

 मी कप खाली ठेवला.

"आणि ती माणसं थांबली न्हाईत तर?"

"तर नाही थांबली."

मुलगी आत होती. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.  हे म्हणाले, "इतकी वर्सं गप राहिलीस. आज बोललीस, ते पन मी चपला घातल्यावर." आणि चपला काढून आत येऊन बसले.

शनिवारी ती दुकानातून आली, तेव्हा मी दारातच होते. प्रोग्रॅम लगेच उघडला, ती म्हणाली.  व्यापाऱ्याने समोरच्या गिऱ्हाइकाला फक्त कापडाचा पन्हा विचारला. मुनीमाला न विचारता तो तिच्या कॉम्प्युटरवरून उत्तर देणार होता, म्हणजे तिचं काम कायम झालं होतं.

दिघाशीची माणसं थांबली नाहीत. त्यांनी दुसरीकडे ठरवलं. ते यांनी मला जेवताना एकाच वाक्यात सांगितलं, आणि मी भात वाढला. यांच्या मनाला ते लागलं होतं, हे मला दिसत होतं. पण पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

मुलगी रोज डबा घेऊन निजामपुऱ्याला जाऊ लागली. पीठ मी आदल्या दिवशीच मळून ठेवी. पोळ्या किती लाटायच्या, ते मात्र सकाळी ती उठल्यावर तिलाच विचारी.