रकान्यातली मुलगी

दवाखान्याच्या तळमजल्यावर, नोंदणीच्या खिडकीमागे, संगणकवाले काका बसत. जुन्या डेटाबेसमधल्या रुग्णांच्या साऱ्या नोंदी नव्यात हलवायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, त्यांनी एकहाती लिहिली होती. एकहातीच लिहिणार, दुसरं होतं कोण? घरीही तीच गत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. जेवताना रेडिओ लावत, घरात कुणीतरी बोलावं म्हणून.

एकेका नोंदीत रकाने ढीगभर: नाव, वय, रक्तगट, तातडीला कुणाला कळवायचं. सगळे एकाच यादीत भरावेत, असं पुस्तकं कानीकपाळी ओरडतात, पण काका ऐकतील तर शपथ! ते प्रत्येक रकान्यासाठी वेगळं व्हेरिएबल ठेवत, स्वयंपाकघरातल्या चिठ्ठी लावलेल्या डब्यांसारखं.

दुसऱ्या दिवशी नवी व्यवस्था सुरू होणार होती. तपासायचं म्हणून काकांनी नव्या डेटाबेसमध्ये आपलीच, मागे ताप आला तेव्हाची नोंद उघडली आणि पाहतच राहिले. कळवायच्या रकान्यात एक फोन नंबर होता. पुढे लिहिलेलं: मुलगी.

काका उगाच हरखले. नंबर फिरवला.

"दवाखान्यातून ना?" पलीकडून एक बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली. "बाबांना काय झालं? मी निघालेच!"

"काळजीचं काही नाही, ताई. नुसता नंबर तपासतोय."

"अहो, जीव गेला ना माझा!" ती रागावली, मग हसली. "पण कधीही करा हं. अपरात्रीसुद्धा."

फोन ठेवल्यावर चूक उमगली. काकांचा तो रकाना मुळात कोरा होता. कोऱ्या रकान्याला स्क्रिप्ट हातच लावत नव्हती, म्हणून डब्यात आधीच्या नोंदीतलं उरलेलं तसंच राहिलं. ज्यांना कुणीच नाही, त्या सगळ्यांना दुसऱ्याचं माणूस चिकटलं होतं. रक्तगटाचीही तीच बोंब. कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं.

एकच ओळ घालायची होती: प्रत्येक नोंदीआधी सगळे डबे रिकामे कर. पण हात चालेना. काकांना अगदी रडू यायला लागलं. आपली एवढी एक नोंद तशीच ठेवली तर कुणाला पत्ता लागणार? पण उद्या आपल्याला काही झालं, तर ती पोरगी बापासाठी धावत यायची आणि खाटेवर भलताच म्हातारा!

त्यांनी ओळ घातली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. मुलगी गेली, रकाना कोरा झाला.

नंबर मात्र तोवर पाठ झाला होता.