बैठकीतल्या चिकटपट्ट्या

धाकट्याला सगळे 'डायरेक्टर' म्हणत आणि म्हणताना गालातल्या गालात हसत. त्यालाही ते ठाऊक होतं. लग्नांचे व्हिडिओ काढायचं चांगलं चाललेलं काम सोडून तो गेली काही वर्षं स्वतःचा सिनेमा काढत होता. कॅमेरा मित्राचा, तोही मित्राला सुट्टी असेल तेव्हाच. गोष्ट साधी होती : घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि तो नेमका कशासाठी आलाय, याचा म्हातारीला अंदाज येत नाही. म्हातारीचं काम त्याची स्वतःची आई करत होती. घर म्हणजे हेच घर.

दादाला हे पटत नव्हतं. पण न पटणं वेगळं आणि शंका येणं वेगळं. दादा घरोघरी जाऊन विजेचे मीटर तपासायचा. जिथे बिल कमी दिसे, तिथे आधी मीटरमागची तार चाचपायचा. असा माणूस स्वतःच्या घरात तरी स्वस्थ कसा बसणार?

शंकेची सुरुवात झाली बैठकीतल्या खिडकीकडच्या भिंतीपासून. ओल येऊन तिचे पोपडे सुटले होते. दादाने रंगाऱ्याशी बोलून ठेवलं, तर धाकटा म्हणाला, "एवढ्यात नको ना रे दादा. सिनेमा पुरा होऊ दे."

"भिंत काय तुझ्या सिनेमात काम करते?"

"करते."

मग धाकटा खोलीचे फोटो काढताना दिसू लागला. फळीवर डबे कसे मांडलेत, पडदा किती सरकवलाय, सगळ्याचे. आज घेतलेला प्रसंग आणि दोन महिन्यांनी घेतलेला प्रसंग एकमेकांना जुळायला हवेत, असं त्याने सांगितलं. दादाने पटल्यासारखी मान हलवली. मनात म्हणाला, कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो माणूस काढतो ते ताबा दाखवायला.

आणि एका सकाळी फरशीवर लाल चिकटपट्ट्या दिसल्या. खुर्चीच्या पायांभोवती, आणि तिथून थेट खिडकीपर्यंत ओळीने. दादा त्या ओळीवरून चालून आला. खोलीचे सरळ दोन भाग पडत होते, आणि एक भाग मोठा होता.

"बघितलंस? वाटण्या झाल्यासुद्धा," तो बायकोच्या कानाशी लागला.

"अहो, सासूबाईंनी चालताना कुठे थांबायचं त्या खुणा आहेत."

"कोणी सांगितलं?"

"भावोजींनी."

"वा! म्हणजे मांजरालाच विचारलंस, दूध कोणी प्यायलं?"

आईलाही त्याने आडून विचारून पाहिलं. "तो घराबद्दल काही बोलतो का गं तुझ्याशी?"

"बोलतो की. खुर्चीतून सावकाश ऊठ म्हणतो. मी काय उडी मारून उठते का?"

आई हसली. दादाला वाटलं, हीसुद्धा सामील आहे.

शेवटी धाकटा दिवसभर बाहेर जाणार हे कळताच दादाने रजा टाकली आणि रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्याने पट्ट्या खरवडल्या, पोपडे काढले, खड्ड्यांत लांबी भरली आणि संध्याकाळपर्यंत खिडकीची भिंत फिक्या निळ्या रंगात न्हाऊन निघाली. बाकीच्या भिंती उद्या, असं सांगून तो गेला.

धाकटा मित्राला आणि कॅमेऱ्याला घेऊनच आला. शेवटचा एकच प्रसंग राहिला होता : म्हातारी खुर्चीतून उठते, खिडकीशी जाते आणि खाली आलेल्या मुलाला बघते. दुसऱ्या दिवसापासून मित्र नव्या नोकरीसाठी परगावी चालला होता, कॅमेऱ्यासकट.

धाकटा भिंतीकडे बघत उभा राहिला. दादा भांडणाच्या तयारीतच होता.

"बोल आता. तुझा वाटा कुठून कुठपर्यंत?"

"कसला वाटा?"

"त्या पट्ट्या कसल्या होत्या मग?"

धाकट्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो फरशीवरच बसला. "दादा, आईकडे घर मागायचं असतं तर लग्नांचे व्हिडिओ सोडले असते का मी? त्या पैशात दोन घरं झाली असती."

"अरे, माझ्या पायांच्या खुणा होत्या त्या!" आई कडाडली. "आता मी थांबू कुठे?"

दादाचा चेहरा मात्र सैल झाला नाही. माणूस बोलण्यात गुंडाळूही शकतो.

मित्र खोलीत फिरत होता. म्हणाला, "खिडकीची भिंत दाखवायचीच नाही. कॅमेरा खिडकीत ठेवू. आई खुर्चीतून नुसती उठेल आणि इकडे बघेल. मागे जुनीच भिंत येईल."

"बघेल कोणाकडे?" आईने विचारलं. "रिकाम्या खिडकीकडे बघून मला काही सुचत नाही."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. "कॅमेऱ्याशेजारी उभा राहशील? फक्त हलू नकोस."

दादा नाइलाजाने उभा राहिला. जागा इतकी कमी की ओला रंग पाठीला चिकटला.

आई सावकाश उठली. तिने दादाकडे पाहिलं. आधी नुसतं पाहिलं, मग असं, की ह्याला घरात घ्यावं की दारातूनच विचारावं, का आलास? आणि ते विचारून व्हायच्या आतच तिच्या डोळ्यांत काहीतरी विरघळलं. हे सिनेमातल्या मुलासाठी होतं की आपल्यासाठी, ते दादाला ठरवता येईना.

"झालं," धाकटा हळूच म्हणाला. "आई, आणखी एकदा?"

"नाही," आई खुर्चीत बसत म्हणाली. "पोटच्या पोराकडे असं दोनदा नाही बघवत."

दादा तरीही भिंतीला टेकून तसाच उभा होता. हललं तर चालेल, असं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.