चार पॉइंट अठराची खोड

हीटर बनवणाऱ्या कारखान्यात त्याला सगळे 'चार पॉइंट अठरा' म्हणत. एक किलो द्रव एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, तो आकडा जुन्या पुस्तकांत किलोकॅलरीत असे. हीटरच्या हिशेबाला तो किलोज्यूलमध्ये लागे. म्हणून हा भला माणूस एकतीस वर्षं समोर येईल त्या आकड्याला चार पॉइंट अठराने गुणत आला होता.

मागच्या महिन्यात त्याच्या चुकलेल्या हिशेबाने एक हीटर इतका मोठा झाला की टाकीच्या तोंडातून आतच जाईना. साहेबांनी सुनावलं, "पुन्हा चुकलात तर हे काम कॉम्प्युटरला, आणि तुम्ही गोदामात." गोदाम त्याला नकोच होतं. तिथे नट-बोल्ट होते, आणि त्यांना कशानेच गुणायचं नसतं.

आज तेलाच्या टाकीचा कागद आला. आकडा २.०९. त्याने गुणलं, ८.७४ आलं. तीनदा पडताळलं, तिन्ही वेळा तेच. कागद साहेबांकडे सहीला गेला. ऑर्डर तीनला निघणार होती.

दुपारी घरी जेवताना त्याने बायकोला ऐटीत सांगितलं, "आजचं तेल भारी आहे. तापायला पाण्याच्या दुप्पट उष्णता खातं."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? कढईत तेल टाकून वळेपर्यंत तापतं. रखडवतं ते पाणी."

"अगं, कागदावर आहे!"

तिने वाद घातला नाही. अर्धा किलो पाणी आणि अर्धा किलो तेल वजन करून घेतलं आणि सारख्या पातेल्यांत, सारख्या आचेवर ठेवलं. त्याने खिशातला थर्मामीटर बुडवला. पाणी पंचेचाळीसवर रेंगाळत होतं, तेल साठ ओलांडून गेलं होतं.

त्याने घाईघाईने खिशातून कागदाची नक्कल काढली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'किलोज्यूल' लिहिलेलं होतं. आकडा आधीच गुणून आला होता! ताट तसंच टाकून तो चपलांवरच धावत सुटला.

तीनला दहा मिनिटं होती. साहेबांच्या टेबलावरचा कागद ओढून त्याने ८.७४ खोडलं आणि २.०९ लिहिलं.

"आणि गुणाकार?" साहेबांनी विचारलं.

"करायचा नाही, साहेब." एकतीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

मग 'तपासणारा' या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: बायको.

साहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं. "कसं तपासलं यांनी?"

"तापवून, साहेब."

साहेबांनी सही केली. "उद्यापासून त्यांना पाठवता का? तुम्ही घरी स्वयंपाक बघा."