माई आणि ठमीची नखं

फोन आला तेव्हा मी तोआ पायोहला, ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कॉफीच्या रांगेत उभा होतो. केतकीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज इतका शांत होता की काहीतरी भलतंच झालंय हे ती बोलायच्या आधीच मला कळलं. "माई गेली," ती म्हणाली. माई म्हणजे तिची आई, माझ्या सासूबाई. भाच्याच्या लग्नासाठी साताऱ्याला गेल्या होत्या. लग्नात मनसोक्त मिरवल्या, आग्रह करकरून जिलब्या वाढल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या हृदयाची एक झडप बदललेली होती, त्यामुळे धोका आम्हाला ठाऊक होता... पण माईंकडे बघताना तो कधी आठवायचा नाही. आता काही आठवडे लोटलेत. लोक भेटायला येतात, खालच्या आवाजात बोलतात, आणि माझी मोठी पंचाईत होते. ज्या बाईने उभ्या आयुष्यात एक गोष्ट खालच्या आवाजात केली नाही, तिच्याबद्दल कुजबुजायचं तरी कसं?

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे वुडलँड्सला राहायला आल्या. साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मला वाटलं होतं, परक्या देशात कंटाळतील, महिन्याभरात परतीचं तिकीट मागतील. कसलं काय! पहिल्याच सकाळी बाल्कनीतून जोरात हाक आली, "अहो मंदारराव, लवकर या!" मी दाढीचा फेस तसाच घेऊन धावलो. माई खाडीपलीकडच्या इमारतींकडे बोट दाखवत होत्या. "तो समोर चक्क दुसरा देश! आणि आपण इथे उभं राहून कपडे वाळत घालतोय!" आठ वर्षं मी त्याच बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. मला समोरच्या त्या जोहोरचं कौतुक कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. मग हे रोजचंच झालं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारच्या चिनी आजीशी खाणाखुणांनी गप्पा, बाजारात ओळख नसलेली प्रत्येक भाजी हुंगून बघणं, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याचं साग्रसंगीत वर्णन. आमची इरा, तेव्हा प्रायमरी शाळेत होती, ती आजीला मराठीतून उत्तर द्यायला लागली ते या वर्णनांत आपलीही भर घालायची म्हणूनच.

एका रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो. बोटीतून उतरल्याउतरल्या धक्क्यापाशी भाड्याच्या सायकलींची रांग बघून माईंचे डोळे चमकले. "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना मला?" असं म्हणून त्यांनी साडीचा ओचा खोचला आणि कोणी काही बोलायच्या आत त्या पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मी मागून धापा टाकत पोचलो, तर बाईसाहेब एका पत्र्याच्या टपरीसमोर मांडी घालून बसलेल्या, आणि मांडीवर करड्या रंगाचं मूठभर मांजराचं पिल्लू. टपरीवाला म्हातारा हसत म्हणत होता, "टेक, आंटी, टेक! टू मेनी ऑलरेडी!" केतकीने नको म्हणून पाहिलं, मीही म्हणून पाहिलं. परतीच्या बोटीत पिल्लू माईंच्या पिशवीतून डोकं काढून समुद्र बघत होतं, आणि त्याचं नाव ठमी असं ठरूनही गेलं होतं.

ठमीने पहिल्या आठवड्यात आमच्याकडच्या दूध-पोळीवर ताव मारला आणि तिचं पोट बिघडलं. मांजराला दूध-पोळी चालते हे आम्ही सगळे जन्मापासून गृहीत धरून होतो. ते निस्तरल्यावर मात्र ती सुधारली, वाढली, आणि पडद्यांवर चढायला लागली. एके दिवशी पडद्याच्या टोकावरून तिने थेट माईंच्या हातावर उडी मारली. ओरखडा तसा लहानच. पण माई रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होत्या, आणि ते रक्त थांबेना. टॉवेल भिजला, दुसरा भिजला. आम्ही टॅक्सीने इस्पितळात पोचलो तेव्हा केतकीचा चेहरा पांढरा पडला होता, आणि माई टॅक्सीवाल्याला मांजर कसं उडी मारतं ते समजावून सांगत होत्या. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं, हे पुन्हा होता कामा नये.

घरी आल्यावर केतकीने निकाल दिला. एक तर ठमी जाईल, नाहीतर ठमीची नखं. मांजराची नखं ऑपरेशन करून कायमची काढून टाकतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिला मी दोष देत नाही. मीही तिच्याच बाजूचा होतो. मांजर घरात राहील आणि माई सुखरूप राहतील, याहून सोयीचं काय? आम्ही फोन लावत सुटलो. एकामागून एक जनावरांचे डॉक्टर नाही म्हणाले, एकाने तर मला चांगलंच झापलं. शेवटी एकजण कबूल झाला. ऑफिसात आमचं दोघांचंही काम ऐन भरात होतं, म्हणून शनिवारची वेळ घेतली.

"शनिवारी नखं?" माईंनी हातातला झारा खाली ठेवला. "माझ्या घरात शनिवारी नखं काढलेली मी खपवून घेणार नाही."

"माई, हे नखं कापणं नव्हे, ऑपरेशन आहे," मी म्हणालो.

"मग तर मुळीच नाही!"

विज्ञानाच्या बाई! वर्गात ग्रहणाच्या वेळी मुलांना मुद्दाम डबा खायला लावणाऱ्या! पण जावयाने सासूच्या शनिवाराशी वाद घालायचा म्हणजे... मी वेळ आठवडाभर पुढे ढकलली. नंतर केतकीनेच मला सांगितलं, की लहानपणी शाळेच्या तपासणीआधी माईंनी तिची नखं शनिवारी सकाळी खसाखस कापलेली आहेत. त्यांना फक्त आठवडा हवा होता. त्या आठवड्यात आम्ही ऑफिसात असताना त्या ठमीला टोपलीत घालून, बसने, मला झापणाऱ्या त्या डॉक्टरांकडे एकट्या जाऊन आल्या.

त्या रात्री जेवायला वरणभात होता. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर माई उभ्या राहिल्या, अगदी फळ्यासमोर उभ्या राहाव्यात तशा. "सगळ्यांनी उजव्या हाताची बोटं शेवटच्या पेरापाशी मुडपा. अशी. आता पेरं उघडायची नाहीत. कालवा भात." इराला खेळ वाटला, ती खिदळत सुरू झाली. भात कालवला जाईना. घास होईना. वरण मनगटापर्यंत आलं, मी मूठभर भात शर्टावर सांडला, केतकी तर बोटांकडे बघतच राहिली. "कॅनॉट, लाह, आजी!" इरा ओरडली. "नाहीच जमणार," माई म्हणाल्या. "ते नख नुसतं काढत नाहीत. नखाबरोबर बोटाचं शेवटचं हाड कापतात. एकेका बोटाचं. मग जन्मभर त्या पायांवर चालायचं." खिदळणं थांबलं. इराने बोटं उघडली आणि त्यांच्याकडे बघून टेबलाखाली घेतली.

पण केतकी हटली नाही. तिच्या डोळ्यांसमोर तो भिजलेला टॉवेल होता. "आणि तुझं काय गं?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मांजरीची हाडं दिसतात तुला. आम्हाला तू हवी आहेस ना!"

माईंचा आवाज पहिल्यांदाच जरा उतरला. "मी आहेच की. पण मी नुसती जपून ठेवायची वस्तू नाही गं. मला इथे मजा करायची आहे." मग लगेच मूळपदावर येऊन त्यांनी अटी सांगून टाकल्या. दर रविवारी ठमीच्या नखांची टोकं त्या स्वतः कापणार, कशी कापायची ते त्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. साडीवर माझे जुने, पूर्ण बाह्यांचे ऑफिसचे शर्ट घालणार. आणि मांडीवर जाड गोधडी घेतल्याशिवाय ठमीला बसू देणार नाहीत, कधीही नाही. केतकीने तिन्ही अटी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतल्या. ऑपरेशन रद्द झालं.

काय ते रविवार! इराने ठमीला टॉवेलात गुंडाळायचं, मी विजेरी धरायची, आणि माझ्या निळ्या पट्ट्यांच्या शर्टात माई, चष्मा नाकावर, एकेक पंजा हलकेच दाबून नख बाहेर काढणार. एखादं टोक बरोबर तुटलं की "वा रे वा!" अशी स्वतःलाच शाबासकी. त्या ओरखड्यानंतर पुन्हा कधी इस्पितळ गाठावं लागलं नाही. माई गेल्या त्या त्यांच्या हृदयाने, आणि ठमीपासून समुद्रापार.

परवा केतकीने माईंचं इथलं कपाट उघडलं. साड्या मावशीला, आत्तेबहिणींना, वहिनींना आठवण म्हणून द्यायच्या, आपल्याकडे देतात तशा. तिने पलंगावर एकेक उलगडायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. पहिल्या साडीचे मांडीपाशी धागे ओढलेले होते. बारीक बारीक, शेकड्याने. दुसरीचेही. इरकलीचे, सुती साड्यांचे, एका चांगल्या रेशमी साडीचेसुद्धा, सगळे बरोबर मांडीपाशी. आणि गोधडी? ती कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवलेली होती. एक धागा निघालेला नाही, कोरी करकरीत. आम्ही सगळे बाहेर पडलो की दुपारभर ही बाई काय करत होती ते आम्हाला तेव्हा समजलं...

"लबाड!" केतकी म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर मलाच हसू आवरेना. "एकही देण्यासारखी ठेवली नाही हिने," ती डोळे पुसत म्हणाली. "सगळ्या आपल्यालाच ठेवाव्या लागणार." मग तिने त्यातली निळी इरकल अंगावरच्या कपड्यांवरूनच कशीबशी गुंडाळली आणि पलंगावर मांडी घालून बसली. ठमी दारातून आली. थांबली. साडी हुंगली, मांडीवर चढली आणि पुढचे दोन्ही पंजे रोवून, कणीक मळावी तशी, मळायला लागली. माई साताऱ्याला गेल्यापासून कुणी तिची नखं कापली नव्हती. "आई गं!" केतकी कळवळली. मी गोधडी पुढे केली. तिने ती हाताने बाजूला सारली.