सगळ्या फोनवर चाललं पाहिजे

खुर्चीवर बसण्याआधी काका पँटचे पाय दोन घड्या वर दुमडायचे. क्लासची फरशी कोरडी ठणठणीत, डोक्यावर पंखा फिरतोय, तरी आधी दुमडणार, मग कीबोर्डला हात लावणार. पहिल्या दिवशी बॅचमधली पोरं एकमेकांकडे बघून हसली. पुढे त्यांना सवय झाली. मलाही झाली.

नगरला सावेडीत माझा क्लास आहे, मोबाईलची अॅप बनवायला शिकवते. येतात ती बहुतेक कॉलेजची मुलंमुली. साठीच्या घरातला माणूस दारात दिसला की तो नातवासाठी चौकशी करायला आलाय असंच मी धरून चालते. तुम्हीही तसंच धरलं असतंत. म्हणून मी काकांना विचारलं, "कुणाला घालायचंय क्लासला?"

"मलाच," ते म्हणाले. मग न विचारता त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलला, उलटा केला, सुलटा केला. "मॅडम, तुमी शिकवता ते समद्या फोनवर चालतं का?"

मी नवशिक्यांना देते ते उत्तर दिलं. अँड्रॉइडसाठी वेगळं आणि आयफोनसाठी वेगळं लिहायचं, ही एक पद्धत. एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायचं, ही दुसरी. दुसरीत कष्ट कमी, पण अॅप दोन्हीकडे अगदी सारखं वागेल याची खात्री नाही. काही गोष्टी एकेका फोनसाठी हातानं जुळवाव्या लागतात.

"मग दुसरी," काका म्हणाले. "जुळवू हातानं. पण समद्या फोनवर चाललं पायजे."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की बॅचमधली पोरं ते त्यांच्याच आवाजात म्हणायला लागली. काकांनाही ते ठाऊक होतं. एखाद्याचं अॅप दुसऱ्या फोनवर बंद पडलं की ते त्या पोराकडे बघून फक्त बोट वर करायचे, आणि सगळा वर्ग एका सुरात ते वाक्य म्हणायचा.

पहिल्या धड्यात मी पडद्यावर 'नमस्कार' उमटवून घेते. काकांच्या पडद्यावर उमटलं, 'आज पाणी किती?' मी हसले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाच्या भिंतीवर उभं राहून पाण्याची पातळी वाचायची आणि वर कळवायची, ही त्यांची नोकरी. मला वाटलं, नोकरीची सवय असेल.

हुशार विद्यार्थी म्हणावा असे ते नव्हते. उघडलेला कंस बंद करायला विसरायचे. लाल अक्षरांत इंग्रजीतून चूक दाखवली गेली की एकेक अक्षर लावत वाचायचे आणि कॉम्प्युटरला म्हणायचे, "बरं बरं. कळलं." कळलेलं काहीच नसायचं. पण उठायचे नाहीत. त्यांच्या कापडी पिशवीत नातेवाइकांकडून गोळा केलेले जुने फोन असत, प्रत्येक वेगळ्या रुमालात गुंडाळलेला. कुणाची काच फुटलेली, कुणाचं चार्जिंग टिकत नाही. एवढासा बदल केला तरी सगळ्या फोनवर चालवून बघायचे.

एक दिवस फोनची जागा वाचायचा धडा होता. अॅप पहिल्यांदा उघडलं की फोन परवानगी मागतो: या अॅपला तुमचं ठिकाण कळू द्यायचं का? काकांनी तो प्रश्न वाचला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"दाबा की काका," शेजारची मुलगी म्हणाली.

"दाबतो. ह्यो फोन तरी विचारतोय," ते म्हणाले. "आमाला कुनी विचारलं न्हवतं."

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला त्यांच्या गावाबद्दल सांगितलं. राहुरीच्या वरच्या अंगाला धरण झालं तेव्हा त्यात त्यांचं गाव गेलं. काका तेव्हा सहा वर्षांचे. नव्या वसाहतीला जुन्याच गावाचं नाव दिलं, त्यामुळे पाण्याखालच्या गावाला आता नावही उरलं नव्हतं. लोक नुसतं 'जुनं' म्हणत. जुन्यातली घरं दहा ठिकाणी पांगली. म्हाताऱ्यांकडे स्वस्तातले अँड्रॉइड फोन, पुण्यातल्या नातवंडांकडे आयफोन. काकांना असं अॅप हवं होतं, की धरणात होडीतून जाताना हातातला फोन सांगेल, आता तुम्ही अमक्याच्या घरावर आहात.

"आता दाखवनारी मानसं हायती," ते म्हणाले. "आनखी थोड्या वर्सांनी न्हाई ऱ्हायची."

त्या मे महिन्यात पाणी खूप उतरलं. काकांचा फोन आला. "मॅडम, गाव वर आलंय. येता का?"

मी गेले. सोबत त्यांची मावशी होती, आईची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. तळाला तडकलेल्या गाळाचं सपाट मैदान पसरलं होतं. मधूनमधून जोत्याचे दगड, देवळाच्या दोन पायऱ्या, गाळानं भरलेल्या विहिरीचं तोंड. बाकी काही नाही. मावशींनी चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागल्या.

त्या सरळ चालतच नव्हत्या. एवढं मोकळं रान, पण थोडं पुढं जायच्या, उजवीकडे वळायच्या, परत डावीकडे. काका त्यांच्या मागोमाग तशीच वळणं घेत होते. मी मागे पडले होते, म्हणून त्यांना गाठायला मधूनच निघाले.

"अगं ए," मावशी ओरडल्या, "कुनाच्या चुलीवरनं चाललीस?"

मी जागच्या जागी उभी राहिले. पायाखाली नुसता गाळ आणि गोगलगाईंचे वाळके शंख. पण मला पुढचं पाऊल टाकवेना. मी मागे फिरले आणि गल्लीतून आले.

एका ठिकाणी मावशींनी मान खाली घातली आणि मग पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या पाठोपाठ काकांनीही मान खाली घातली. तिथे दाराची चौकट होती, ती बुटकी होती, हे मला मागाहून कळलं. सहा वर्षांच्या पोराला ती चौकट लागली नसणार, तरी त्यांची मान आपोआप वाकली. आत गेल्यावर त्यांनी फोनवरचं बटण दाबलं. पडद्यावर एक ठिपका उमटला.

"आपलं घर," काका म्हणाले.

क्लासमध्ये येऊन पाहिलं तर प्रत्येक फोन वेगळं सांगत होता. एकाच ओट्यावर उभं राहून घेतलेली खूण एका फोनवर इथे, दुसऱ्यावर तिथे. मी समजावलं, की फोन आकाशातून जागा घेतो, दहा-पंधरा पावलांचा फरक पडतोच. काका अस्वस्थ झाले. "दहा पावलं म्हंजे सुताराचं घर शिंप्याच्या घरात गेलं की. दोघं जित्ते असते तर लई भांडले असते." पाणी चढायच्या आत ते पुन्हा पुन्हा तिकडे गेले. प्रत्येक खुणेवर फोन घेऊन नुसते उभे राहत, त्याला जागा नीट कळेपर्यंत. उन्हानं चेहरा काळवंडला.

पाऊस सुरू झाला, गाव पुन्हा पाण्याखाली गेलं, आणि काका दुपारचे रिकाम्या वर्गात बसायला लागले. फोनवर गावाचा नकाशा उघडून बोट एकेका गल्लीतून फिरवायचे. एकदा मी शेजारच्या खोलीत होते. ते म्हणाले, "हां, आलो." मला वाटलं, कुणाचा कॉल असेल. डोकावून पाहिलं तर हातातल्या फोनवर फक्त नकाशा होता. त्या दिवसापासून वर्गात एकटी असले की मी दार उघडं ठेवते.

आयफोनचं काम अडलं होतं. त्यावर अॅप चढवायला त्याच कंपनीचा कॉम्प्युटर लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला, त्याच्याकडे होता. मुलाला या उद्योगात रस नव्हता. "बाबा, तिथं पाण्याशिवाय काही नाही," तो म्हणायचा. पण त्यानं अॅप चढवून दिलं. कंपनीला पैसे न भरता असं चढवलेलं अॅप आठवडाभरच चालतं, मग पुन्हा चढवावं लागतं. त्यामुळे दर रविवारी काकांचा त्याला फोन: "बंद पडलं का? मग बसव परत." मला वाटतं, बापलेकांचं इतकं नियमित बोलणं त्याआधी कधी झालं नसेल.

सगळं जुळत आलं, तेव्हा काकांनी एक नवीनच मागणी काढली. गावाच्या पूर्वेला, शेवटच्या घरापलीकडे, त्यांनी नकाशावर एक पट्टा फिकट रंगवला होता. त्यावर नाव नाही, ठिपका नाही. माणूस त्या पट्ट्यात आला की फोन थरथरला पाहिजे, एकदाच.

सोपं काम होतं, मी करून दिलं. अँड्रॉइडवर किती वेळ थरथरायचं ते आपण सांगू शकतो. आयफोन मात्र साध्या सूचनेला त्याच्या मापानं दणका देतो. मुलगा सुट्टीला घरी आला होता, त्याचा फोन आणि कॉम्प्युटर काका क्लासमध्ये घेऊन आले होते. त्यांनी हातातल्या फोनचा दणका अनुभवला आणि फोन पटकन टेबलावर ठेवला.

"इतकं जोरात नगं."

"काका, कळायला नको का माणसाला?"

"मॅडम, झोपलेली हाय ती."

मग चहाचे कप समोर निवत राहिले आणि ते बोलत राहिले. गाव उठायच्या वर्षी त्यांना बहीण झाली होती. काही महिन्यांची असताना तापानं गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. वडिलांनी गावाबाहेर बाभळीच्या रानात तिला पुरलं. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. आई नव्या वसाहतीत उरलेलं सगळं आयुष्य जगली आणि तिनं मुलीचं नाव एकदाही काढलं नाही.

"मला धरनावर नोकरी लागली," काका म्हणाले. "रोज संध्याकाळी घरी आलो की आई इचारायची, आज पानी किती? मी सांगायचो. मला वाटायचं, लेकाच्या कामाची चौकशी करती. लई वर्सांनी ध्यानात आलं. पानी चढलेलं सांगितलं की ती त्या रात्री जेवायची न्हाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मग मी कमी सांगाया लागलो. खात्याला खरं कळवायचो, आईला कमी." त्यांनी निवलेला कप बाजूला सरकवला. "तिला म्हाईत असनार. पन जेवायची."

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. पुरलेली जागा वडील आणि आई सोडून कुणाला ठाऊक नव्हती. मावशींनी उन्हाळ्यात एका खेपेला एक जागा दाखवली, दुसऱ्या खेपेला दुसरी. बाभळी तर पाणी यायच्या आधीच तोडलेल्या. म्हणून ठिपका नाही, नुसता फिकट पट्टा.

आयफोनला हलका स्पर्श करायला लावायचा वेगळा मार्ग असतो. तो शोधून दोन्हीकडची थरथर सारखी करायला आम्हाला बरेच दिवस लागले, कारण मुलगा घरी आला की मगच करून बघता यायचं. काका प्रत्येक वेळी फोन तळहातावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. अजून हळू. अजून. अखेर एका दुपारी त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. फोन थरथरला की नाही, हे समोर बसलेल्या मला कळलंही नाही. "आता बरुबर," ते म्हणाले.

काका पाऊसकाळ सरता सरता गेले. सकाळी अंगणात बसले होते, सुट्टीला आलेल्या सुनेनं चहा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. अॅप तोवर गावच्या बऱ्याच लोकांच्या फोनवर पोहोचलं होतं, पण सगळ्यांनी मिळून होडीतून फेरी मारायचा त्यांचा बेत राहून गेला.

दहाव्यानंतर मुलाचा मला फोन आला. अस्थी प्रवरासंगमला सोडल्या होत्या, चिमूटभर मागे ठेवल्या होत्या. "तुम्ही याल का?" एवढंच त्यानं विचारलं.

धरण काठोकाठ भरलं होतं. होडीत आम्ही तिघंच, मुलगा, मी आणि मासेमारी करणारा होडीवाला. काठ मागे पडला तशी फोनची रेंज गेली. मुलानं खिशातून त्याचा आयफोन काढला. अॅप उघडलं. त्यानं ते आदल्या रविवारी पुन्हा बसवलं होतं. आता त्याला आठवण करून देणारं कुणी नव्हतं.

चहूकडे सारखंच पाणी. फोनवर मात्र आम्ही गावात शिरलो. देऊळ गेलं, विहीर गेली. सुतार, शिंपी. होडीवाल्याला हे काही दिसत नव्हतं. त्यानं इंजिन मंद केलं आणि विचारलं, "हितंच थांबवू का?"

मुलगा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, "अजून थोडं पुढं घ्या. हे दार झालं. आत घ्या."

होडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मग होडी हातभर पुढे घेतली आणि इंजिन बंद केलं. वारा होता, होडी एका जागी राहीना. पडद्यावर आम्ही हळूहळू घरातून गल्लीत सरकायला लागलो. मुलानं पुडी उघडली होती, पण हात पुढे करेना. तेव्हा होडीवाल्यानं वल्हं पाण्यात घातलं, अंगाचा सगळा भार त्यावर टाकला आणि होडी परत आणून तिथे धरून ठेवली.

"करा आता," तो म्हणाला. "मी धरतो."