फलकावरच्या कुरडया

आमच्या कॉलनीच्या फाटकावर आज बिल्डरचा फलक लागलाय. त्यावरचा फोटो मी काढलेला आहे. कोपऱ्यात मालतीकाकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयासुद्धा तशाच आहेत.

मालमत्ता-गुंतवणूक शिकताना सरांनी प्रकल्प दिला होता, ओळखीच्या वस्तीचं मूल्यांकन करा. मी आमचीच निवडली. घरोघरी चहा पीत विचारलं, कोण विकायला तयार आहे, कोणाची मुलं परदेशात आहेत, कोण एकटं राहतं. घराचं दुखणं त्यालाच कळतं, ज्याला थेट स्वयंपाकघरात बसवतात. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि फोटोंसकट प्रत ठेवून घेतली. आज फलकावर सल्लागार म्हणून त्यांचंच नाव आहे.

‘जागेत जीव गुंतवू नका,’ असं ते वर्गात सांगायचे. मी ते वहीत अधोरेखित केलं होतं.

बिल्डरची माणसं सगळ्यात आधी एकट्या राहणाऱ्या मालतीकाकूंकडेच गेली. मी फलकासमोर उभी होते, तेवढ्यात त्या आल्या. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी फोटोतल्या कुरडयांवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या,

“अभ्यासाला हवंय म्हणालीस, म्हणून सांगितलं गं.”